वॉशिंग्टनला गेलात तर ही चित्रं बघितल्याशिवाय येऊ नका

लेक-जावई वॉशिंग्टनजवळ राहतात, त्यांच्याकडं आम्ही दोघं दोन महिने राहून आलो. म्युझियमं बरीच बघितली पण लिहायचं म्हणलं तर एकाच ठिकाणाबद्दल लिहावं वाटतंय, फिलिप्स कलेक्शनमधली जेकब लॉरेन्स या कृष्णवर्णीय चित्रकाराची मायग्रेशन सिरीज, म्हणजे स्थलांतरावरची चित्रमालिका. मी बीड जिल्ह्यात झेडपीच्या शाळेवर मास्तर होतो, निम्मं गाव ऊसतोडीला जाणारं, त्यामुळं स्थलांतर म्हणजे काय ते मला पुस्तकातून शिकावं लागलं नाही, दिवाळी झाली की हजेरीपटच सांगायचा.

आधी कामाचं सांगतो. मेट्रोच्या रेड लाईननं ड्यूपॉन्ट सर्कलला उतरायचं, तिथून चालत जाता येतं. सोमवारी बंद. स्मिथसोनियन या सरकारी संस्थेची म्युझियमं फुकट आहेत तसं इथं नाही, तिकीट लागतं. १९२१ साली फिलिप्स कुटुंबानं स्वतःच्या राहत्या घरात सुरू केलेलं म्युझियम, म्हणून आत गेल्यावर मोठ्या वाड्यात हिंडल्यासारखं वाटतं. लोक जास्त करून रेन्वार या फ्रेंच चित्रकाराचं नावाड्यांच्या जेवणाचं चित्र बघायला येतात, ते चांगलंच आहे, पण आमचा वेळ गेला तो लॉरेन्सपाशी.

हा माणूस १९१७ चा. आईबाप दक्षिणेकडून पोटासाठी उत्तरेत आलेले, हा तेराव्या वर्षी न्यूयॉर्कच्या हार्लेममधे आला अन् तेविसाव्या वर्षी त्यानं ही साठ चित्रं काढली, १९४०-४१ साली. पहिल्या महायुद्धाच्या वेळेपासून दक्षिणेतली काळी माणसं कापसाची शेतं सोडून शिकागो, डेट्रॉइट, न्यूयॉर्ककडं निघाली, १९७० पर्यंत सुमारे साठ लाख लोक गेले, त्यातला सुरवातीचा भाग या चित्रांत आहे. आधी लायब्ररीत बसून त्यानं सगळा अभ्यास केला, मग साठही चित्रांच्या फळ्या एकदम मांडल्या अन् एक रंग घेतला की तो साठही फळ्यांवर जिथं जिथं लागतो तिथं लावायचा, मगच दुसरा रंग. म्हणून पहिल्या चित्रातला पिवळा अन् शेवटच्या चित्रातला पिवळा एकच आहे. फळ्या लहान आहेत, बारा इंच बाय अठरा इंच, जवळ जाऊनच बघावं लागतं. १९४२ मधे दोन म्युझियमनी निम्मी निम्मी घेतली, विषम नंबर इथं, सम नंबर न्यूयॉर्कच्या मोमा या आधुनिक कलेच्या म्युझियममधे, त्यामुळं भिंतीवर १, ३, ५ असं चालतं अन् गोष्ट मधे मधे तुटते. २०१६ मधे इथं सगळी साठ एकत्र लावली होती, ती ज्यांनी बघितली ते नशीबवान.

पाच नंबरला रात्रीच्या अंधारातली रेल्वे आहे, बाकी काही नाही. पण खालची ओळ वाचली अन् मी तिथंच उभा राहिलो. मजुरांच्या तिकिटाचे पैसे उत्तरेतले कारखानदार आधी भरायचे अन् नंतर मजुरीतून कापून घ्यायचे. म्हणजे उचलच की हो! लेकीला म्हणलं, बघ, आपल्याकडं कारखाना मुकादमाला देतो अन् मुकादम कोयत्याला, म्हणजे तोडणाऱ्या जोडप्याला, देतो, मग सहा महिने फेडत बसायचं. पुढं एकोणतीस नंबरला तो लेबर एजंटही आहे, संप चाललेल्या कारखान्यांवर न सांगता माणसं नेणारा.

नऊ नंबरपाशी आमच्या सौ थांबल्या. चित्रात नुसती कापसाची झाडं अन् कीड, माणूस एकही नाही. खाली लिहिलंय की बोंडं खाणाऱ्या किडीनं कापूस बुडवला म्हणून लोक निघाले. सौ म्हणल्या, अहो, ही तर बोंडअळी! तसं बघितलं तर ती अळी नाही, सोंडेचा भुंगा आहे, १८९२ च्या सुमारास मेक्सिकोतून टेक्सासमधे शिरलेला, पण मी काही बोललो नाही, कारण २०१७ ला गुलाबी बोंडअळीनं आमच्या पऱ्हाटीचं काय केलं ते यांनीच हातानं बोंडं फोडून बघितलं होतं. त्या वर्षी आमच्या गावातून कधी न जाणारी घरंसुद्धा तोडीला गेली.

पण सगळं आपल्यासारखंच आहे असं म्हणून चालणार नाही. ती माणसं नुसती पोटासाठी निघाली नव्हती, जीव वाचवायला निघाली होती. पंधरा नंबरला झाडाची फांदी, तिला रिकामा फास अन् खाली गुडघ्यात डोकं घालून बसलेली एक आकृती. मेलेला माणूस दाखवलेलाच नाही, तरी त्या चित्रासमोरून हलायला जमत नाही. अन् उत्तरेत गेल्यावरही सुटका नाही, एकोणपन्नास नंबरला हॉटेलात गोरे एकीकडं, काळे एकीकडं, मधून पिवळी दोरी. वेगळी कपबशी ज्यांनी बघितलीय त्यांना ते समजावून सांगायला नको.

चेहरे जवळजवळ नाहीतच, नाक-डोळे नीट काढलेले नाहीत, लेकीला ते आधी खटकलं. मला उलट वाटतं, ट्रकमधे भांड्याकुंड्यांवर बसलेली ऊसतोडीची टोळी रस्त्यावरून जाताना आपल्याला कुठं चेहरे दिसतात, पाठी अन् गाठोडीच दिसतात. सत्तावन्न नंबरला लांब काठीनं कपडे ढवळणारी बाई आहे, बायका सगळ्यात शेवटी निघाल्या म्हणून तिचं चित्रही शेवटाकडं. आपल्याकडं मात्र नवराबायको मिळून एक कोयता धरतात, बाई पहिल्या दिवसापासून फडात असते.

वेळ असला तर २०१६ ला सुरू झालेलं आफ्रिकन अमेरिकन इतिहासाचं म्युझियमही बघा, फुकट आहे पण वेळेचा पास काढावा लागतो अन् एका दिवसात होत नाही. मी म्हणेन फिलिप्सला आधी जा. येणं होणार नसेल तर फिलिप्सच्या वेबसाईटवर साठही चित्रं आहेत, शाळेत मुलांना दाखवण्यासारखी आहेत.

मला अठ्ठावन्न नंबर बघायचं राहिलंय, ते न्यूयॉर्कला आहे, मोबाईलवरच बघितलं. तीन मुली पाठमोऱ्या उभ्या राहून फळ्यावर आकडे लिहितात. माझ्या वर्गात एक पोरगी होती, दिवाळीनंतर जायची अन् पाडव्याच्या आसपास यायची, आल्यावर पहिलं काम म्हणजे खडू मागायची. जावयांना सांगून ठेवलंय, पुढच्या खेपेला त्या एका चित्रासाठी न्यूयॉर्कला जायचं.