गॅस गिझर: न्हाणीत की मागच्या सपरीत (पडवीत)?
गोंदिया-भंडाऱ्याकडे पौषात पाणी तापवायला आता चुलीऐवजी गॅस गिझर आला. न्हाणीत बसवला तर पाइप कमी लागतो, गरम पाणी लगेच येतं, फायदा एवढाच. थंडी लागते म्हणून झरोक्यात पोतं कोंबलं की ज्योतीला हवा पुरत नाही, कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू साचतो. त्याला ना रंग, ना वास. रक्तात ऑक्सिजन वाहून नेणाऱ्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या २०० पटींहून घट्ट चिकटतो. धुराचा पाइप बाहेर काढला तरी ताज्या हवेसाठी खाली जाळी हवीच. नाहीतर एक्झॉस्ट पंखा तोच धूर उलटा आत ओढतो.

सपरीत वाऱ्यानं ज्योत विझते, पत्र्याचा आडोसा करावा लागतो. तरी लेकरं आंघोळ करतात त्या घरात मी बाहेरच बसवायला सांगेन, फक्त खिडकीखाली नको. ज्योत पिवळी दिसली तर गिझर बंद करून मेकॅनिकला बोलवा.