स्प्रिंगफील्डचा मॉडेल रेल्वे शो: नव्या इंजिनासाठी नाही, चिल्लर सामानासाठी जा

आमच्या कनेक्टिकटच्या गावातलं मॉडेल रेल्वेचं हॉबी शॉप मालक निवृत्त झाले आणि बंद पडलं. गिऱ्हाईक येत नव्हतं असं नाही. पण दुकानात उभं राहून डबे हाताळायचे आणि तिथूनच फोनवर स्वस्तात मागवायचे, असल्या गिऱ्हाइकांच्या जिवावर दुकानाचं भाडं निघत नाही. त्यात कंपन्या हल्ली आगाऊ नोंदणी घेऊन मोजकीच मॉडेल्स काढतात, मग फळीवर मांडणार तरी काय?

नवं इंजिन घरबसल्या मागवावं, त्याबद्दल तक्रार नाही. अडतं ते बारीकसारीक सामानापाशी. केडी कंपनीचा पाच नंबरचा कपलर, म्हणजे डबे एकमेकांना जोडणारा आकडा, घ्या. पाकिटात दोन जोड्या येतात, आणि एवढंच मागवलं तर टपालखर्च पाकिटाच्या किमतीला जाऊन भिडतो. फ्लेक्स ट्रॅकची, म्हणजे हवा तसा वळवता येणाऱ्या रुळाची, लांबी तीन फूट. एका ऑनलाइन दुकानातून मागवला तर खोका मधोमध वाकलेला आला आणि रुळाखालचे प्लॅस्टिकचे स्लीपर खुळखुळत होते. पैसे परत मिळाले, पण रूळ नव्हते ते नव्हतेच.

म्हणून जानेवारीच्या शेवटी एक शनिवार-रविवार मी अ‍ॅमहर्स्ट रेल्वे सोसायटीच्या शोसाठी राखून ठेवतो. जागा वेस्ट स्प्रिंगफील्ड, मॅसेच्युसेट्स; सप्टेंबरात ‘बिग ई’ची जत्रा भरते तेच मैदान. चार मोठ्या इमारती भरून टेबलं. त्यातली मॅलरी एरवी गुराढोरांची, आणि माझ्या मते खरा माल तिथेच मिळतो. बाकी ठिकाणी लेआउट, म्हणजे गाड्या पळणारे मांडलेले देखावे, बघायला गर्दी करणारी पोरं, स्ट्रोलर आणि टोप्या-टीशर्ट. लेआउट सुंदर असतात, पण ते दुपारी.

मी सध्या प्लॅस्टिक शीट कापून एचओमध्ये, म्हणजे १:८७ प्रमाणात, आपलं डब्ल्यूडीएम-२ हे डिझेल इंजिन बनवतोय. १९६२ साली ही इंजिनं भारतात आली ती मुळात अल्को या अमेरिकन इंजिन कंपनीची, न्यूयॉर्क राज्यातल्या स्केनेक्टडीची. त्यामुळे बोगी (डबा नव्हे, इंजिनाखालचा चाकांचा सांगाडा) इथल्याच अल्कोच्या चालतात: तीन आसांची, पण आसांमधलं अंतर असमान. मला अ‍ॅटलासचं जुनं आरएसडी-१२ (अल्कोच्याच इंजिनाचं मॉडेल) हवं होतं, वरचं खोकं फुटकं असलं तरी चालेल असं. ऑनलाइन फोटोत खोकं लखलखीत दिसतं, मोटर कशी आहे ते कोण सांगणार? मॅलरीत एका आजोबांच्या टेबलाखालच्या खोक्यात एक मिळालं. त्यांनी हातभर रुळावर ते ठेवून चालवून दाखवलं. मी कान लावला, गिअरची टकटक नव्हती. कठडे तुटलेले म्हणून किंमतही उतरवली. घासाघीस करायला लाजू नका, तिथे सगळेच करतात. (ब्रॉडगेजचे १६७६ मिलिमीटर १:८७ मध्ये १९ च्या वर जातात आणि एचओचा रूळ साडेसोळाचा. पावणेतीन मिलिमीटरची ही चूक मी डोळे मिटून सोसतो. ज्यांना सोसत नाही त्यांनी रूळ स्वतः घालावेत.)

रंगांचं मात्र जपून. फ्लोक्विल हे मॉडेलच्या रंगांचं नाव २०१३ मध्ये बंद झालं, आणि अजून कुणाच्या तरी तळघरातल्या बाटल्या टेबलावर येतात, भाव मात्र अत्तराचे. बाटली उलटी करून बघा. तळाचा गाळ ढिम्म हलत नसेल तर पुढे चला. थिनरवाला असला रंग साध्या विमान टपालाने मागवता येत नाही, शोमध्ये घेण्याच्या बाजूचा हा एवढाच मुद्दा.

गैरसोयी आहेतच. शनिवारी सकाळी पार्किंगची रांग रस्त्यापर्यंत येते, आत गेल्यावर जॅकेट कुठे ठेवायचं हा प्रश्न, आणि खाण्याबद्दल न बोललेलं बरं. डबा न्या. एका इमारतीतून दुसरीत बर्फातून चालत जावं लागतं, तेव्हा बूट धड असू देत. लहान विक्रेते कार्डापेक्षा रोख पैशांवर खूश असतात.

कपलर, चाकं, रेल जॉइनर, स्टायरीन प्लॅस्टिकच्या पट्ट्या वर्षभराच्या एकदम घ्या आणि यादी कागदावर न्या. जुनं इंजिन हवं असेल तर शनिवारी दार उघडताच. रुळांचे गठ्ठे रविवारी दुपारी तीननंतर विचारा. परत गाडीत भरायचा कंटाळा आलेला माणूस काय भावात देतो ते बघा.