अडीच किलोचं प्लेपेन

मी कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत एका मशीनशॉपमध्ये क्वालिटीला आहे. दिवसभर हातात व्हर्नियर, म्हणजे बारीक मापं घ्यायचं हत्यार. बोअर, म्हणजे सुट्या भागाचं भोक, ०.०५ मिलिमीटरनं जास्त निघालं तरी तो जॉब बाजूला काढायचा, हेच काम. असा माणूस मोबाईलवरच्या अर्ध्या मिनिटाच्या व्हिडिओला भुलला. आणि एकदा नाही, एकाच प्लेपेनपायी, म्हणजे बाळाला आत ठेवायच्या घडीच्या जाळीदार कुंपणापायी, दोनदा फसला. पहिल्यांदा १,८९९ रुपयांना, दुसऱ्यांदा १८,४९९ ला. बायको म्हणाली, लिहू नका, लोक हसतील. हसू देत. शॉपमधल्या तिघांना सांगितलं तर त्यातल्या एकानं हळूच कबूल केलं की त्यानं ह्याच पद्धतीनं मिक्सरपायी नऊ हजार घालवलेत आणि अजून घरी सांगितलेलं नाही.

मुलगी तेव्हा चार महिन्यांची होती. नुकती पालथी पडायला लागलेली. बायकोची २६ आठवड्यांची रजा संपत आली होती. ती कामावर रुजू झाली की घरात बाळ आणि आई दोघीच. आईचे गुडघे गेलेत. आमचं घर मंगळवार पेठेतलं जुनं: दोन पायऱ्या उतरून स्वयंपाकघर, वीतभर उंचीचे उंबरे, मागं परड्यात उघडा हौद. पोरगी रांगायला लागली आणि आई पोळी उलटायला वळली, तर तेवढ्यात काय काय होईल ह्याचा हिशोब मी रोज रात्री करायचो. आईला मात्र काही वाटत नव्हतं. "आरं, तुला साडीच्या झोळीत वाढीवला. दाराला आडवी फळी मारली की झालं. त्याला काय हजारांनी पैसं घालायचं?"

त्या फळीचं मी ऐकायला पाहिजे होतं.

रात्री अडीच वाजता, पोरीला खांद्यावर टाकून फेऱ्या मारताना ती जाहिरात दिसली. एक गोरी बाई पिशवीतून काहीतरी काढते, एका हातानं उघडते, खट् खट् आवाज येतो आणि चौकोनी जाळीदार प्लेपेन उभं राहतं. त्यात गुबगुबीत बाळ, वर मच्छरदाणी, खाली जाड गादी. किंमत ८,९९९ खोडून १,८९९. वर लाल घड्याळ: पंधरा मिनिटं, आणि सेकंद पळताहेत. "फक्त ३ शिल्लक." पैसे माल हातात आल्यावर द्यायचे. मी म्हटलं, मग भ्यायचं कशाला? माल बघूनच पैसे देणार की.

इथंच मी चुकलो. तो माल बघून पैसे देणं नसतं, बंद खोकं बघून पैसे देणं असतं. पार्सलवाल्या पोराला म्हणालात, उघडून दाखव, तर तो म्हणतो, दादा, आधी पैसे, मग उघडा. त्याचंही खोटं नाही, त्याला वरून तसंच सांगितलेलं असतं. उघडून दाखवणारी डिलिव्हरी वेगळी असते, आणि ती आहे की नाही ते ऑर्डर करतानाच लिहिलेलं असतं. माझ्या पानावर तसं काही नव्हतं.

नंतर शांतपणे ते पान पुन्हा उघडलं तेव्हा काय काय दिसलं ते सांगतो. पान बंद करून उघडलं की घड्याळ परत पंधरा मिनिटांवर. शिल्लक कायम तीन. अभिप्राय वीस, त्यातले सहा शब्दाला शब्द तेच, नावं फक्त वेगळी. आणि पार तळाला, जिथं कंपनीचा पत्ता असायला हवा, तिथं एक व्हॉट्सअॅप नंबर आणि "सात दिवसांत परतावा" एवढंच. पत्ता नाही, जीएसटी नंबर नाही, तक्रार कुणाकडे करायची त्या अधिकाऱ्याचं नाव नाही. ऑनलाइन विकणाऱ्यानं कायदेशीर नाव, पत्ता आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव दाखवलंच पाहिजे, असा केंद्राचा ई-कॉमर्स नियम २०२० पासून आहे. त्या अधिकाऱ्यानं ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची असते. पत्ता नसेल तर पुढं ग्राहक आयोगात जायचं म्हटलं तरी नोटीस कुणाच्या नावानं काढणार? पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला तिथं फी लागत नाही. पण समोर माणूसच नसेल तर फुकट असून उपयोग काय!

पार्सल आलं तेव्हा मी शॉपमध्ये. आईनं डब्यातले पैसे दिले आणि मला फोन केला, "आलं बघ तुझं. हलकं हाय, मी एका हातानं आत घेतलं." मी खूश झालो! हे लिहितानाही कान गरम होतात. घडीचं चांगलं प्लेपेन नऊ ते अकरा किलोचं असतं, कारण त्यात स्टीलच्या नळ्या असतात आणि खाली घट्ट बूड असतं. गुडघे गेलेली बाई एका हातानं उचलते म्हणजे आत काय असणार? खोक्यावरच्या चिकटपट्टीवर वजन छापलेलं होतं, २.४ किलो. पाठवणाऱ्याचं नाव भलतंच, त्या संकेतस्थळाशी काही संबंध नसलेलं.

संध्याकाळी उघडलं. रंगीत बॉल टाकून पोरं खेळतात, तसलं कुंपण. पांढऱ्या प्लास्टिकच्या नळ्या आणि कोपऱ्याला खुपसायच्या टोप्या. खट् करून बसणारं लॉक कुठंच नाही. व्हिडिओतली गादी नाही, मच्छरदाणी नाही. सवयीनं व्हर्नियर लावला. नळीच्या भिंतीची जाडी ०.६ मिलिमीटर. जाळीचं भोक ११ मिलिमीटर. चांगल्या प्लेपेनची जाळी सहा मिलिमीटरच्या आत असते, म्हणजे बाळाचं बोट किंवा झबल्याचं बटण अडकत नाही. ह्यात माझी करंगळी आरामात गेली. तळाला रबरी वाट्या होत्या, फरशीला चिकटायला. आमच्याकडं शहाबादी फरशी. तिच्यावर वाटी चिकटतच नाही, तेवढी गुळगुळीत ती नसते. वरची कड एका बोटानं ओढली तर सगळं माझ्या अंगावर आलं. उद्या पोरगी ती कड धरून उभी राहिली असती तर कुंपणासकट पालथी.

इथपर्यंत नुकसान १,८९९ चं. इथं मी गप्प बसलो असतो तर बरं झालं असतं.

व्हॉट्सअॅपला फोटो पाठवले. दुसऱ्या दिवसापर्यंत एकच टिक. मग गूगलवर त्या दुकानाचं नाव आणि पुढं "कस्टमर केअर" असं टाकलं. पहिलाच नंबर लावला. दुसऱ्या रिंगला उचलला. गोड हिंदी, मागं ऑफिसात असते तशी कुजबुज. "सर जी, बहुत माफी चाहते हैं, रिफंड अभी हो जाएगा." एवढ्या अदबीनं आजवर माझ्याशी कुणी बोललं नव्हतं, सासरेसुद्धा नाही.

पुढं जे झालं ते नीट वाचा, कारण सांगताना सगळं मूर्खपणाचं वाटतं, आणि त्या क्षणी एकेक पायरी सरळ वाटत होती. त्यानं एक लिंक पाठवली, "रिफंड फॉर्म". ती उघडली तर एक अॅप उतरलं. ते अॅप म्हणजे माझी स्क्रीन त्याला दिसावी यासाठीचं. मला वाटलं, फॉर्म आहे. मग म्हणाला, पैसे पाठवायचं अॅप उघडा, हा आमचा "रिफंड डेस्क" नंबर टाका. टाकला. आता तुमचा तक्रार कोड लिहून घ्या: १८४९९. तो खालच्या रकान्यात भरा. मी भरला. तो रकाना रकमेचा होता. पोरगी मांडीवर रडत होती, बायको आतून विचारत होती, दूध झालं का गरम. तो म्हणाला, आता पिन टाका म्हणजे तुमची ओळख पटेल.

टाकला.

मेसेज आला, १८,४९९ वजा. तो शांतपणे म्हणाला, "सर जी, उलटी एंट्री हो गई, एक बार फिर कीजिए, दोनों साथ में वापस आएँगे." आणि मी परत आकडा टाकत होतो! तेवढ्यात बायको आली, स्क्रीन बघितली आणि फोन हातातून ओढून बंदच केला. तिनं एकच प्रश्न विचारला, "पैसे यायचेत तर पिन कशाला मागतोय?" यूपीआयचा पिन पैसे जाण्यासाठी लागतो, येण्यासाठी कधीच नाही. हे मला माहीत नव्हतं असं नाही. शॉपमध्ये पोरांना मीच सांगितलेलं.

बंद केलेला फोन तिनं तसाच ठेवला आणि स्वतःच्या फोनवरून १९३० ला लावला. सायबर फसवणुकीचा हा देशभराचा नंबर. खातं कुठलं, रक्कम किती, किती वाजता गेली, आणि व्यवहाराचा बारा आकडी नंबर, एवढं त्यांनी विचारलं. तो नंबर बँकेच्या मेसेजमध्ये असतो. पैसे जाऊन तोवर पंचवीस मिनिटं झाली होती. त्यातले ६,२०० समोरच्या खात्यात अडकवता आले, बाकीचे तोवर पुढं गेलेले. अडकलेले सुद्धा लगेच मिळाले नाहीत, तेव्हा कोर्टाचा आदेश लागत होता. ती फाईल अजून चालू आहे. रविवार आहे, उद्या बघू, असं केलं असतं तर तेही गेले असते. नंतर सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन वर लेखी तक्रारही केली. माझा फोन इंटरनेट बंद ठेवून चालू केला, ते अॅप काढून टाकलं आणि पिन बदलला.

बँकेत गेलो तर उत्तर मिळालं की पिन तुम्हीच टाकलाय. रिझर्व्ह बँकेचा तेव्हा २०१७ चा नियम होता: दोष तिसऱ्याच कुणाचा असेल आणि ग्राहकानं तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर ग्राहकाला भुर्दंड नाही. पण गुप्त माहिती ग्राहकानंच दिली असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान त्याचंच. मी दुसऱ्या वर्गातला.

सायबर ठाण्यातल्या हवालदारांनी एक गोष्ट सांगितली, ती माझ्या डोक्यात बसलीय. माल विकणारे आणि फोनवरचे एकच असतील असं नाही, म्हणाले. खराब माल मिळालेला माणूस चिडून नंबर शोधणार, हे ठाऊक असलेली दुसरी टोळी तसले नंबर पेरून ठेवते. म्हणजे मी पहिल्या टोळीच्या हातून सुटून स्वतःच्या पायानं दुसऱ्या टोळीकडं चालत गेलो.

आता, प्लेपेन घ्यावं की नाही? लसीकरणाला गेलो तेव्हा बाळाच्या डॉक्टरांना विचारलं. ते हसले. चार महिन्यांच्या बाळाला कशाला, म्हणाले, ती ठेवल्या जागी राहते. रांगायला लागली की कामाला येतं, आणि तेही खेळायला. त्यातच झोपली तर उताणी ठेवा, बूड सपाट आणि कडक हवं, आत उशी नको, दुपटी नकोत, मऊ खेळणी नकोत. मऊ लागावं म्हणून वरून जादा गादी घालतात, ती तर अजिबात नको, कारण गादी आणि जाळीच्या फटीत बाळाचं तोंड अडकतं. माझ्या व्हिडिओतल्या गुबगुबीत गादीला भुलून आम्ही नेमकं तेच केलं असतं.

लॉकचं वेड मला नंतर लागलं, एक जुनी बातमी वाचून. १९९८ मध्ये शिकागोत पाळणाघरातल्या सोळा महिन्यांच्या मुलाचा जीव घडीच्या पाळण्यानं घेतला. वरची कड मधोमध मोडून इंग्रजी व्ही सारखी झाली आणि त्यात मान सापडली. तो पाळणा पाच वर्षं आधीच बाजारातून परत बोलावलेला होता. पाळणाघराला पत्ताच नव्हता.

म्हणून सेकंडहँड बघायला गेलो तेव्हा व्हर्नियर घरी ठेवला आणि कोपर वापरलं. पहिलं रुईकर कॉलनीत. दिसायला नवं, किंमत तीन हजार. चारही कडांच्या मधोमध कोपरानं दाबून बघितलं, तर तिसरी कड खाली बसली, व्ही. मालक म्हणाले, "आवो, आमचा दोन वर्षं ह्यातच वाढला की, कुठं काय झालं?" मी चहा पिऊन परत आलो. दुसरं शुक्रवार पेठेत, बुडाच्या गादीला कुबट वास. विचारलं तर २०२१ च्या पुरात माळ्यावर राहिलेलं. तेही नको. तिसरं राजारामपुरीत मिळालं, अडीच हजारांत. लॉक चारही पक्के, जाळी बारीक, उचलायला मी आणि मेहुणा दोघं लागलो. तेव्हाच ओळखलं, हे खरं.

पैसे रोख दिले. समोर. मोजून.

पोरगी आता नऊ महिन्यांची आहे. प्लेपेनमध्ये ठेवलं की पंधरा मिनिटं खुळखुळ्याशी खेळते, विसाव्या मिनिटाला कड धरून उभी राहते आणि सगळ्या गल्लीला कळेल असं ओरडते. त्या वीस मिनिटांत आईची आंघोळ होते, नाहीतर भाकरी. हौदाच्या दाराला फळी मारली आहेच, ती काढलेली नाही. पहिलं अडीच किलोचं कुंपण फेकायला निघालो होतो, आईनं काढून घेतलं. त्याची जाळी गच्चीवर सांडगी मिरचीवर घातलीय. "कावळं तरी येत न्हाईत," म्हणाली.