हेल्मेटखाली घट्ट पोनी की सैल वेणी?

पुण्यात केस बांधायचे म्हणजे आधी हेल्मेटचा विचार. कोथरूडहून हिंजवडी गाठायची तर घट्ट पोनी सोयीची: केस उडत नाहीत, गुंता कमी. पण तिचा सगळा ताण कपाळाच्या कडेच्या आणि कानशिलांजवळच्या मुळांवर येतो. रोज त्याच जागी ओढ बसली की तिथले केस विरळ होतात. याला ट्रॅक्शन अ‍ॅलोपेशिया म्हणतात. वेळीच सैल बांधायला लागलं तर केस परत येतात. वर्षानुवर्षं ओढत राहिलं तर मुळंच मरतात, मग कुठलंही तेल चोळा. बांधल्यावर डोकं दुखत असेल, तर तिथेच समजावं.

मानेपाशी घातलेली सैल वेणी ताण वाटून घेते, हेल्मेटही नीट बसतं. चार बटा सुटतात, सुटू देत. मात्र न्हाल्यावर ओल्या केसांची वेणी नको. ओला केस ताणला की लवकर तुटतो.

माझं मत वेणीला, आत पातळ सुती स्कार्फ. तो घाम टिपतो, रोज धुवावा मात्र. आणि हेल्मेटने टक्कल पडतं ही निव्वळ पळवाट! दिवसाला 50 ते 100 केस तसेही गळतातच.