नितळ पाण्यासाठी पोलरायझर: आठ महिन्यांच्या वापरानंतर

समुद्राचे फोटो काढताना मला एकच गोष्ट सारखी खुपायची. किनाऱ्यावर उभं राहून पाण्याखालची वाळू, दगड, शेवाळ स्वच्छ दिसायचं, आणि फोटो उघडला की नेमकी तिथेच पांढुरकी, पत्र्यासारखी चकाकी. संगणकावर रंग वाढवून पाहिले तर आकाश भडक व्हायचं, पाणी मात्र तसंच फिकट. व्हायचंच होतं, कारण त्या जागी पाण्याचा रंग टिपलाच गेलेला नसतो. टिपलेलं असतं ते आकाशाचं प्रतिबिंब. म्हणून ७७ मिमीचा, बारीक कडेचा सर्क्युलर पोलरायझर घेतला, म्हणजे लेन्सपुढे लावून कडं फिरवलं की चकाकी अडवणारा फिल्टर. त्याला आता आठ महिने झाले.

पहिल्या महिन्यात माझी निराशा झाली. कडं फिरवलं की पायाजवळचं पाणी काचेसारखं उघडायचं, आणि थोडं पुढचं पाणी होतं तसंच राहायचं. फिल्टरच हलका निघाला, असं मी ठरवूनही टाकलं होतं. चूक फिल्टरची नव्हती, मी उभा होतो त्या जागेची होती.

पाण्यावरून परावर्तित होणारा प्रकाश एका ठरावीक कोनात जवळजवळ पूर्ण ध्रुवित होतो, म्हणजे त्याची कंपनं एकाच दिशेत होतात, आणि असाच प्रकाश पोलरायझर अडवू शकतो. डेव्हिड ब्रूस्टर यांनी १८१५ मध्ये मांडलेला हा नियम. पाण्यासाठी तो कोन असा पडतो की आपली नजर पृष्ठभागाशी सुमारे ३७ अंश करते. किनाऱ्यावर याचा सोपा हिशेब आहे: कॅमेरा पाण्यापासून जितका उंच, त्याच्या सुमारे १.३३ पट अंतरावरचं पाणी सगळ्यात स्वच्छ दिसतं. वाळूवर उभं राहिलं तर कॅमेरा दीड मीटरवर, म्हणजे पुढचं दोनच मीटर पाणी. तोच कॅमेरा दहा मीटर उंच कातळावर नेला की तेरा मीटरच्या आसपासचा पट्टा उघडतो. त्याच्या अलीकडे-पलीकडे परिणाम हळूहळू कमी होतो. सरळ खाली पाहिलं तर काहीच नाही, आणि दूर क्षितिजाकडेही फारसं नाही. हे कळल्यापासून मी किनाऱ्यावर पोचलो की आधी चढायला जागा शोधतो. माझे फोटो खरे सुधारले ते यानंतर.

हा फिल्टर पाण्यात रंग घालत नाही, वरची तकाकी तेवढी काढतो. खाली रंग असावा लागतो. पाणी लाल प्रकाश लवकर शोषतं आणि उरलेला निळा-हिरवा प्रकाश फिकट वाळूच्या तळावरून परत येतो, तेव्हा तो मोरपिशी रंग मिळतो. त्यासाठी ऊन तळापर्यंत पोचायला हवं. म्हणून या एका कामासाठी मी सकाळ-संध्याकाळ सोडून दहा ते दोनची वेळ धरतो, जी एरवी फोटोला वाईट मानली जाते. सूर्य शक्यतो पाठीशी ठेवतो. आदल्या दिवशी मोठ्या लाटा येऊन गेल्या असतील तर मात्र पाण्यात गाळ तरंगत असतो. हा गाळ प्रकाशाला पाण्याच्या आतच विखुरतो आणि तिथे पोलरायझर काही करू शकत नाही. तसंच वाऱ्याने पाणी शहारलेलं असेल तर प्रत्येक लहान लाटेचा कोन वेगळा, त्यामुळे चकाकी पूर्ण जात नाही.

भर दुपारी आणखी एक फायदा दिसला. फिल्टरमधून आकाश सूर्यापासून ९० अंशांवर सगळ्यात जास्त गडद होतं. सूर्य खाली असताना १८ मिमीच्या रुंद दृश्य टिपणाऱ्या लेन्सवर आकाशाच्या मधोमध निळा-काळा डाग पडायचा, तो काढताना जीव मेटाकुटीला येतो. सूर्य डोक्यावर असताना तो पट्टा क्षितिजालगत आडवा फिरतो आणि आकाश बऱ्यापैकी सारखं येतं.

फिल्टरमुळे प्रकाश दीड ते दोन स्टॉप कमी होतो (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा). बिनफिल्टरचा १/१००० सेकंदाचा शटर १/२५० वर येतो, आणि उसळणारी लाट गोठवायला तो अपुरा पडतो. तेव्हा मी बिनदिक्कत आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाश-संवेदनशीलता, वाढवतो. उजळ वाळूमुळे कॅमेऱ्यातला प्रकाशमापक फोटो काळपट करतो, म्हणून एक्स्पोजर दोन-तृतीयांश स्टॉप वर ठेवतो आणि फेस जळून नुसता पांढरा होत नाही ना ते हिस्टोग्रामवर, म्हणजे उजेडाच्या आलेखावर, पाहतो. व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांचा तोल ठरवणारी सेटिंग, ऑटोवर नाही, डेलाइटवर. ऑटो पाण्याचा निळेपणा खोडून काढतो.

सूर्यास्ताला हा फिल्टर काढून ठेवा, हे मी कळकळीने सांगतो. ओहोटीनंतरच्या ओल्या वाळूत आकाश उतरलेलं असतं, आणि फोटोचं सगळं सौंदर्य त्या प्रतिबिंबातच असतं. एका सुंदर संध्याकाळी फिल्टर तसाच राहिला आणि साठेक फोटोंत वाळू नुसती तपकिरी आली. ती हळहळ अजून जात नाही.

दोन कटकटी कायमच्या. कॅमेरा उभा केला की कडं पुन्हा फिरवावं लागतं, आणि लेन्सहूड (लेन्सवर बाजूचं ऊन अडवणारं टोपण) लावला तर बोट आत जात नाही. खाऱ्या हवेने फिल्टर लेन्सवर घट्टही बसतो; कडेभोवती रबरबँड गुंडाळून फिरवला की सुटतो. पुसताना कोरडं कापड कधीच नको, वाळूचा एक कणही ओरखडा पाडतो. आधी फुंकणीने कण उडवायचे, मग गोड्या पाण्याने ओलसर केलेल्या मऊ कापडाने मीठ टिपायचं.

आता मी तो लेन्सवर लावण्याआधी हातात धरतो. लेन्सवर बसणारी आट्यांची बाजू डोळ्याकडे करून त्यातून पाणी पाहत फिरवत राहतो. उलटा धरला तर परिणाम दिसत नाही. तळ उघडला तरच बॅग खाली ठेवतो, नाहीतर चार पावलं आणखी वर चढतो.