आत की बाहेर सांगणारं फ्री टूल: वापरलं, ५ पैकी ३

प्रोटीनचा सिक्वेन्स (अमिनो आम्लांचा क्रम) पेस्ट केला की कुठला भाग मेम्ब्रेनच्या (पेशीच्या किंवा व्हायरसच्या पातळ आवरणाच्या) आतल्या बाजूला आणि कुठला बाहेरच्या ते सांगतं, फुकट आहे, लॉगिन-बिगिनची भानगड नाही. नाव मुद्दाम देत नाहीये. मी सरळ इन्फ्लुएन्झाची तीन प्रोटीन्स टाकली कारण एकाच व्हायरसच्या आवरणात तीन वेगवेगळ्या तऱ्हा बसलेल्या असतात, परीक्षा घ्यायला बरं पडतं.

न्यूरामिनिडेज झकास आलं, सुरुवातीची जेमतेम ६ अमिनो आम्लं आत, डोकं बाहेर. एम२ पण बरोबर, ९७ चंच तर प्रोटीन आहे, पहिली २४ बाहेर आणि शेपूट आत.

पण हिमॅग्लुटिनिनला (एचए, याचे एचए१ आणि एचए२ असे दोन भाग) पार घोळ!! सुरुवातीचं सिग्नल पेप्टाइड, जे ईआरमध्ये (पेशीतला असली प्रोटीन्स घडवणारा कप्पा) शिरतानाच कापलं जातं, ते याने मेम्ब्रेनमधला तुकडा धरलं, वर मधलं फ्यूजन पेप्टाइडही धरलं (व्हायरसचं आवरण पेशीच्या आवरणात मिसळवणारा तुकडा; मेम्ब्रेनमधल्या तुकड्यासारखा तोही पाण्याला बिचकणाराच, म्हणून फसलं असणार), मग एकाच्या जागी तीन तुकडे झाले आणि एचए१ बाहेर, एचए२ आत, शेपूट बाहेर असलं काहीतरी चित्र आलं. आता एचए२ वर १५४ नंबरच्या अ‍ॅस्पॅराजिनला (एक अमिनो आम्ल) साखर लागते, आणि ही साखर ईआरच्या पोकळीतच लागते, पोकळीतली बाजू म्हणजे पुढे जाऊन व्हायरसची बाहेरची बाजू. मग एचए२ आत कसं असेल?

नशीब, एखादी जागा 'बाहेर' म्हणून फिक्स करायची सोय आहे, थोडी लपलेली आहे पण आहे. सिग्नल पेप्टाइड छाटून टाकलं, ती साखरेची जागा फिक्स केली, आणि दुसऱ्या रनला उत्तर बरोबर आलं. या सोयीसाठीच एक स्टार जास्त.

बाकी टूलचा मुख्य भरवसा लायसिन-आर्जिनिन या अमिनो आम्लांवर, म्हणजे पॉझिटिव्ह चार्ज जिकडे जास्त ती आतली बाजू, शास्त्रज्ञ गुनार फॉन हेइने यांनी १९८६ मध्ये बॅक्टेरियाच्या प्रोटीन्सवरून दाखवलेला नियम. बहुतेक वेळा चालतो.

हेपटायटिस बी व्हायरसच्या आवरणातलं मोठं एस प्रोटीन मात्र यात टाकूच नका. त्याचा प्री-एस भाग काही रेणूंत आत असतो, कॅप्सिडला (व्हायरसच्या आतलं प्रोटीनचं कवच) धरायला, आणि काहींत बाहेर, पेशीला चिकटायला, सिक्वेन्स तोच! टूल एकच चित्र देतं आणि वर कॉन्फिडन्स ठणठणीत दाखवतं, याचे दोन स्टार कापले.