बर्फ वितळवणारी मॅट म्हणून 10 वॅटचं पायपुसणं पाठवलं, तेपण कॅनडात

मी कोल्हापूरचा, शिवाजी उद्यमनगरात मोटर रिवायंडिंगचं दुकान आहे, सत्तावीस वर्षं झाली. शेतकऱ्यांच्या सबमर्सिबल, पिठाच्या गिरणीच्या मोटरी, हीटर, सगळं हाताखालून गेलंय. हे आधी सांगतोय कारण पुढचं वाचून तुम्ही म्हणाल की अडाणी माणूस असेल म्हणून फसला. तसं नाही. वॅट आणि अँपिअरवर पोट भरणारा माणूस वॅटमध्येच फसला, म्हणून लिहितोय, नाहीतर घरात पण कुणाला सांगणार नव्हतो.

माझी मुलगी कॅलगरीला असते, सहा वर्षं झाली. मागच्या डिसेंबरात तिचा फोन आला, आपल्याकडं सकाळचे नऊ, तिकडं आदल्या रात्रीचे साडेआठ, म्हणाली, "पप्पा मी पडलो." (एवढी वर्षं तिकडं राहून पण आमची पोरगी अजून मी पडलो, मी आलो असंच बोलते, कोल्हापूरच्या पोरी अशाच, त्यात बदल होत नाही.) घराच्या दारापासून रस्त्यापर्यंत सिमेंटची वाट आहे आणि तीन पायऱ्या, त्याच पायऱ्यांवर घसरून मनगटाला मार लागला, फ्रॅक्चर नव्हतं नशिबानं.

आता आपल्याला बर्फ म्हणजे काय, बर्फगोळा नाहीतर मासळी मार्केटात गोणपाटात गुंडाळून येणारी लादी. तिकडचं प्रकरण मला जावयांनी समजावून सांगितलं. कॅलगरीला डोंगराकडून मधूनच गरम वारं येतं, त्याला चिनूक म्हणतात, भर थंडीत तापमान शून्याच्या वर जातं, बर्फ वितळतो आणि रात्री परत गोठून त्याचा काचेसारखा पातळ थर होतो, तो दिसत पण नाही. भुसभुशीत बर्फावर माणूस पडत नाही, या काचेवर पडतो. मीठ टाकतात पण साधं मीठ उणे दहाच्या आसपास गेलं की फारसं काम करत नाही, शिवाय सिमेंट खातं. वर महापालिकेचा नियम, बर्फ पडायचा थांबला की 24 तासांच्या आत घरासमोरचा फुटपाथ साफ करायचा. जावई नाईट शिफ्टला आणि पोरगी हाताला पट्टा बांधून फावडं मारणार, हे काय मला बघवेना.

आणि तेव्हाच मोबाईलवर जाहिरात यायला लागली. मी पोरीशी बोलताना ऐकतोय की काय हा मोबाईल असं वाटलं, पण खरं म्हणजे मीच दोन दिवस शोधत बसलो होतो की बर्फ वितळवायला काय असतं. विजेवर गरम होणारी रबराची मॅट, वाटेवर अंथरायची, प्लग लावायचा, बर्फ पडेल तसा वितळतो. ही वस्तू खरी आहे बरं का, खोटी नाही, तिकडं लोक वापरतात. जाहिरातीत एक म्हातारा म्हातारी, मागं लाकडी दुकान, खाली लिहिलेलं की 35 वर्षांचा आमचा कुटुंबाचा धंदा आता वयामुळं बंद करतोय, शेवटचा स्टॉक, 249 डॉलरची मॅट 69 ला. मला त्या म्हाताऱ्याची कीव आली हो. दुकान बंद करायची पाळी म्हणजे काय ते मला माहीत आहे, 2019 च्या पुरात आमच्या ओळखीच्या दोघांनी धंदा गुंडाळला. तिथंच मी गेलो. नंतर भाच्यानं बघून सांगितलं की तो फोटो खरा पण नव्हता, कॉम्प्युटरनं बनवलेला, म्हातारीच्या एका हाताला सहा बोटं होती. 35 वर्षांच्या धंद्याची वेबसाईट दोन महिन्यांपूर्वी काढलेली, हे कुणालाही फुकट तपासता येतं, वेबसाईटचं नाव कधी रजिस्टर झालं ते दाखवणाऱ्या साईट असतात. मला हे कधी सुचलंच नव्हतं.

पोरीला सरप्राईज द्यायचं म्हणून कुणालाच विचारलं नाही. तीन मॅट, 207 डॉलर. कॅनडाचा डॉलर तेव्हा एकसष्ट रुपयांच्या आसपास, म्हणजे तेरा हजारांच्या आत, ठीक आहे म्हणलं. बँकेच्या ॲपमध्ये जाऊन क्रेडिट कार्डाचं परदेशी व्यवहाराचं बटन चालू केलं (2020 पासून ते आपणच चालू करावं लागतं, बंद असतं तेच बरं असतं), नंबर टाकला आणि ओटीपी न येताच पैसे गेले. परदेशी साईटवर बऱ्याचदा ओटीपी येतच नाही हे मला माहीत नव्हतं. मेसेज आला तो बघून पोटात गोळा, साडेअठरा हजाराच्या वर. डॉलरचं चिन्ह सारखंच, कुठल्या देशाचा डॉलर ते कुठंही लिहिलं नव्हतं, कापले अमेरिकन डॉलरनं आणि वर बँकेचा साडेतीन टक्के चार्ज आणि त्याच्यावर जीएसटी. आणि दुकानाचं नाव भलतंच, साईटवरच्या नावाशी काही संबंध नाही. तरी पण मी मनाला समजावलं की आता पोरीच्या हाताचं बघायचं का पाच हजाराचं.

तेवीस दिवसांनी पार्सल पोचलं. ट्रॅकिंगमध्ये वजन दाखवत होतं, 900 ग्रॅम. इथं माझी अक्कल कुठं गेली होती देव जाणे. मी रोज तांब्याची तार किलोवर तोलून घेतो, दोन फूट बाय पाच फुटाची रबराची मॅट एकच सात आठ किलोची तरी असणार, तीन मॅट 900 ग्रॅममध्ये बसतील कशा? बघितलं, वाचलं आणि पोरीला फोन केला की सरप्राईज येतंय.

तिनं व्हिडिओ कॉलवर उघडलं. तीन पातळ पायपुसणी, एक फूट बाय दीड फूट असेल, आत काहीतरी तार फिरवलेली आणि शेवटाला मोबाईल चार्जरला लावायची पिन. ती हसायला लागली, मग माझं तोंड बघून गप्प झाली. "असू दे पप्पा, पाय ठेवायला होतंय की." मी म्हणलं लेबल दाखव. 5 व्होल्ट, 2 अँपिअर. दहा वॅट! आपला जुना झीरोचा बल्ब पंधरा वॅट खातो.

आता हिशोब सांगतो, कारण हा हिशोब मी आधी केला असता तर ही वेळ आली नसती, दोन मिनिटांचं काम आहे. एक किलो बर्फ शून्य डिग्रीला असताना नुसता वितळवायला 334 किलोज्यूल लागतात. दहा वॅट म्हणजे सेकंदाला दहा ज्यूल. भागाकार करा, नऊ तासाच्या वर येतो, एका किलोला, आणि तेही सगळी उष्णता बर्फातच गेली असं धरून. बाहेर उणे पंधरा असताना ती उष्णता बर्फापर्यंत पोचायच्या आधीच वाऱ्यावर जाणार. खऱ्या मॅटचं बघा, दहा स्क्वेअर फुटावर दोन इंच ताजा भुसभुशीत बर्फ पडला तर तो साधारण साडेचार किलो भरतो, तासाभरात तो वितळवायचा तर चारशे सव्वाचारशे वॅट पाहिजेत, म्हणजे स्क्वेअर फुटाला चाळीस वॅटच्या आसपास. चांगल्या कंपनीच्या मॅटवर साधारण एवढाच आकडा असतो. त्या जाहिरातीच्या पानावर व्हिडिओ होते, तारे होते, हसणाऱ्या लोकांचे फोटो होते, वॅट कुठंच नव्हते. माझ्याकडं एखादा शेतकरी वॅट, एचपी न बघता मोटर घेऊन आला तर मी त्याला दुकानात उभा करून बोलतो.

दुकानासमोरच्या चहाच्या टपरीवर विषय निघाला तेव्हा एक दोस्त म्हणाला, मर्दा तुझ्याकडं कॉइल आहे, रबर शिरोलीला मिळतं, तूच बनव आणि पाठव की. हे कुणाच्या डोक्यात आलं तर सांगतो, करू नका. तिकडं घरातली लाईट 120 व्होल्ट, आपली 230, आपल्या हिशोबानं केलेली कॉइल तिकडं जेमतेम पाव ताकदीनं चालणार, हा झाला साधा भाग. खरा धोका म्हणजे मॅट पाण्यात पडून असते, वरून माणसं चालतात, कुठं रबराला भेग गेली की करंट पाण्यात. तिकडं बाहेरच्या प्लगला गळती झाली की लगेच ट्रिप होणारा सॉकेट लागतो आणि वस्तूवर सीएसए सारखा सुरक्षा तपासणीचा शिक्का बघून घेतात. माझ्या पायपुसण्यावर शिक्का सोडा, कंपनीचं नाव पण नव्हतं.

इथपर्यंतची फसवणूक मी पचवली असती. पुढची जास्त लागली, आणि ही खास वाचा कारण यात भले भले अडकतात.

मी त्यांना मेल केला, भाच्याकडून इंग्रजीत लिहून घेतला. वाटलं उत्तर येणार नाही. दुसऱ्या दिवशी आलं, एकदम गोड. माफ करा, वेअरहाऊसची चूक झाली, वस्तू परत पाठवा, पण पाठवायचा खर्च तुमचा, पत्ता चीनचा. तो खर्च वस्तूपेक्षा जास्त. नाहीतर वस्तू ठेवून घ्या, आम्ही 15 टक्के परत देतो. मी नाही म्हणलं. तीन दिवसांनी 20. मग 25. मग आमच्या मॅनेजरशी बोललो, तुमच्यासाठी खास 30. आणि मी आपला लक्ष्मीपुरीत भाजी घेताना घासाघीस करावी तसा जोर लावत बसलो, प्रत्येक वाढीला मला वाटायचं मी जिंकतोय. बावीस दिवस गेले यात. शेवटी 40 वर मी मेल टाकला की मान्य आहे, विषय मिटवा.

83 डॉलर आले, रुपयात सात हजार. मग मला कुणीतरी सांगितलं की क्रेडिट कार्ड असेल तर बँकेकडं चार्जबॅक मागता येतो, म्हणजे माल वेगळाच आला म्हणून बँकेनं दुकानाकडून पैसे परत घेऊन द्यायचे, त्याला मुदत असते. पळत बँकेत गेलो. फॉर्म भरला, लेबलचा फोटो, जाहिरातीचे स्क्रीनशॉट (साईट तोपर्यंत गायब झालेली, नशीब भाच्यानं आधी काढून ठेवले होते). महिन्याभरानं उत्तर, समोरच्या पार्टीनं तुमचा "मान्य आहे, विषय मिटवा" हा मेल पुरावा म्हणून जोडलाय, त्यामुळं केस बंद. माझाच मेल! म्हणजे ते 15, 20, 25 काय परतावा द्यायला नव्हतं, माझ्याकडून तेवढी एक ओळ लिहून घ्यायला होतं. चुकीचा माल आला की त्यांच्याशी भावताव न करता पहिल्याच दिवशी बँकेला कळवा, मेलमध्ये ओके हा शब्दसुद्धा लिहू नका.

बँकेतले साहेब म्हणाले तुम्हीच कार्ड वापरलंय, त्यामुळं कामाच्या तीन दिवसांत कळवलं तर तुमची जबाबदारी शून्य हा रिझर्व्ह बँकेचा नियम इथं लागत नाही, तो न विचारता काढलेल्या पैशाला आहे. बरोबर असेल त्यांचं, पण सांगताना ज्या नजरेनं बघत होते ते काय बरोबर नव्हतं. 1930 या सायबर हेल्पलाईनला फोन केला, सायबर क्राईमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार टाकली, नंबर मिळालाय. हे पण मी दोन महिन्यांनी केलं, लगेच करायचं असतं, पैसे पुढं सरकायच्या आत.

जावयांनी मग तिथल्याच दुकानातनं हातात घेऊन, लेबल वाचून एक मॅट आणली, पायऱ्यांपुरतीच. माझ्या तीनला कबूल केलेले तेवढे पैसे त्या एकीला लागले. चालते चांगली, फक्त वितळलेलं पाणी कडेला जाऊन तिथं परत गोठतं, तिथं मीठ टाकावं लागतं, हे कुठल्याच जाहिरातीत सांगत नाहीत.

मागच्या आठवड्यात एक फोन आला, हिंदीत, सर आपका कॅनडा वाला पैसा फसा है ना, हम रिकव्हरी विभाग से. माझा 207 चा आकडा त्याला बरोबर माहीत. 2,500 रुपये फी भरा आणि एक ॲप टाका, म्हणजे आम्हाला तुमची स्क्रीन दिसेल. एकदा फसलेलं गिऱ्हाईक म्हणून माझं नाव यादीत घालून पुढं विकलेलं दिसतंय. दुकानात दोन पोरं मोटर उघडून बसलेली, फोन स्पीकरवर टाकला आणि विचारलं, आधी सांग, मॅट किती वॅटची होती? तिकडं शांत. मग म्हणाला, सर वॅट मतलब? पोरं हसायला लागली तसा त्यानं कट केला. तो नंबर ब्लॉक केला, तर काल दुसऱ्या नंबरवरून आलाय.